पांगो पांगो : बंदराच्या काठची राजधानी

गुरुवार

स्वतंत्र सामोआची राजधानी अपिया आणि अमेरिकन सामोआची राजधानी पांगो पांगो यांच्यातले अंतर जेमतेम सव्वाशे किलोमीटर आहे, परंतु या दोन शहरांच्या मधून आंतरराष्ट्रीय वाररेषा जाते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडशी चालणारा व्यापार सोयीचा व्हावा म्हणून २०११ च्या अखेरीस स्वतंत्र सामोआने ३० डिसेंबर हा दिवस दिनदर्शिकेतून वगळला आणि तो देश रेषेच्या पश्चिमेला गेला. अमेरिकन सामोआ मात्र पूर्वीच्याच बाजूला राहिला. त्यामुळे दोन्हीकडे घड्याळात एकच वेळ दिसते आणि वार मात्र वेगळा असतो. आम्ही ऑकलंडहून अपियाला आलो, शुक्रवारी दुपारी तिथून निघालो आणि पाऊण तासाच्या आत गुरुवारी दुपारी तुतुईला बेटावर उतरलो.

विमान अगदी छोटे होते. सामानाबरोबर प्रवाशांचेही वजन करण्यात आले आणि कोणी कुठे बसायचे ते त्या आकड्यांवरून ठरवण्यात आले. एका आजींनी नातवासाठी घेतलेला पावांचा मोठा पुडा शेवटपर्यंत मांडीवरून खाली ठेवला नाही. या प्रदेशात जायचे असेल तर परवानगी आधीच काढून ठेवावी लागते, कारण अमेरिकेचा झेंडा असला तरी तिथले इमिग्रेशन स्थानिक शासनच सांभाळते.

तुतुईला हे ज्वालामुखीतून तयार झालेले लांबट आणि अरुंद बेट आहे. त्याच्या मध्यावर एका जुन्या ज्वालामुखीचे तोंड समुद्राच्या बाजूने ढासळले, त्यात पाणी शिरले आणि पांगो पांगोचे बंदर तयार झाले. हे बंदर बेटाच्या आत इतके खोल घुसले आहे की बेटाचे जवळजवळ दोन तुकडे झाले आहेत. नकाशावर नाव ‘पागो पागो’ असे दिसते, परंतु तिथे सगळे ‘पांगो पांगो’ म्हणतात आणि मीही तेच लिहीत आहे. विमानतळ बंदराजवळ नाही, कारण बंदराभोवती सपाट जमीनच नाही; तो ताफुना येथे आहे आणि तिथून दहा-अकरा किलोमीटर किनाऱ्याच्या रस्त्याने गावात यावे लागते. एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला प्रवाळाचा कठडा, यांच्यामध्ये जेवढी जागा उरली तेवढाच रस्ता आहे. वाटेत समुद्रात दोन खडक उभे दिसतात आणि त्यांच्या माथ्यावर झाडे वाढली आहेत. फातू आणि फूती या प्रेमी युगुलाचे ते खडक झाले, अशी कथा टॅक्सीवाल्याने सांगितली आणि सांगण्यासाठी गाडी थांबवली.

वळण घेऊन बंदरात शिरताच पाऊस सुरू झाला. ताफुनाला वर्षाला सुमारे ३,२०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि काही किलोमीटरवरच्या बंदरात सुमारे ५,००० मिलिमीटर. समुद्रावरून येणारे ढग समोरच्या पिओआ डोंगराला अडतात, म्हणून त्याला इंग्रजीत पाऊस पाडणारा डोंगर असेच नाव पडले आहे. कोकणात एवढा पाऊस चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो. इथे तो वर्षभर येत-जात राहतो, आणि छत्री उघडण्याची तसदी कोणी घेताना दिसत नाही.

शुक्रवार

पांगो पांगो म्हणून जगाला जे शहर माहीत आहे ते खरे पाहता बंदराभोवती ओळीने वसलेल्या गावांची माळ आहे. पांगो पांगो हे गाव बंदराच्या अगदी आतल्या टोकाला आहे. बाजार, न्यायालय आणि विधिमंडळ शेजारच्या फांगातोंगो गावात आहेत. राज्यपालांचे कार्यालय आणि निवासस्थान त्यापुढच्या उतुलेईत आहे. प्रत्येक गावाचा प्रमुख वेगळा, पटांगण वेगळे आणि चर्चही वेगळे. एका गावाची हद्द कुठे संपते हे परक्याच्या लक्षात येत नाही, पण रहिवाशांना ती पावलागणिक ठाऊक असते.

सकाळी आम्ही बसने फांगातोंगोच्या बाजाराशी उतरलो. इथल्या बसेस म्हणजे छोट्या ट्रकच्या सांगाड्यावर लाकडी पेटी बसवून रंगवलेली गाडी असते. प्रत्येक बस एखाद्या कुटुंबाच्या मालकीची असते, तिच्यात गाणी मोठ्याने चालू असतात, वेळापत्रक नसते आणि पैसे उतरताना द्यायचे असतात. डॉलर आणि पोस्टाची तिकिटे अमेरिकेची, गप्पा सामोअन भाषेतल्या. बाजारात केळ्यांचे घड, नारळ, विलायती फणस आणि अळूचे मोठाले कंद मांडलेले होते. बाजूला भाजलेल्या कोकोच्या वड्या होत्या, ज्या गरम पाण्यात उकळून गाळ न काढता पितात.

बंदर नसते तर या बेटावर अमेरिकेचा झेंडा आला नसता, हे इथे पावलोपावली जाणवते. सॅन फ्रान्सिस्को ते सिडनी हा वाफेच्या जहाजांचा मार्ग लांबचा होता आणि मध्ये कोळसा भरण्यासाठी वादळापासून सुरक्षित जागा हवी होती. १८७२ मध्ये अमेरिकन नौदलाचे कमांडर रिचर्ड मीड यांनी पांगो पांगोचे प्रमुख मौंगा यांच्याशी बंदरासाठी करार केला. पुढे जर्मनी, ब्रिटन आणि अमेरिका यांच्यात सामोआवरून बरीच ओढाताण झाली, १८९९ मध्ये या सत्तांनी बेटे वाटून घेतली आणि १७ एप्रिल १९०० रोजी तुतुईलाच्या प्रमुखांनी बेट अमेरिकेच्या स्वाधीन केल्याच्या दस्तऐवजावर सह्या झाल्या. पूर्वेकडच्या मानुआ बेटांचा दस्तऐवज १९०४ चा आहे. त्यानंतर १९५१ पर्यंत इथला कारभार नौदलाने पाहिला आणि मग तो अमेरिकेच्या अंतर्गत व्यवहार खात्याकडे गेला. १७ एप्रिल हा आजही इथला सर्वांत मोठा सण आहे.

नौदलाच्या काळातल्या इमारती अजून वापरात आहेत. स्थानिक तरुणांच्या फिताफिता नावाच्या पथकाची जुनी बराक पटांगणाला लागून उभी आहे. उतुलेईच्या टेकडीवरचे १९०३ चे लाकडी, दुमजली शासकीय निवासस्थान रस्त्यावरून दिसते. फांगातोंगोतले जीन हेडन संग्रहालय एका जुन्या नौदल इमारतीत आहे; तिथे होडीच्या वल्ह्यांशेजारी आणि झाडाच्या सालीपासून कुटून केलेल्या सिआपो कापडाशेजारी चंद्रावरून आणलेले खड्यांचे कणही मांडलेले आहेत. ही भेट अमेरिकेने अनेक देशांना आणि आपल्या प्रदेशांना दिली होती. पण इथे तिला जवळचे निमित्तही आहे, कारण अपोलो १३ सह काही अपोलो यानांचे अंतराळवीर याच समुद्रात उतरले आणि पांगो पांगोमार्गे घरी गेले.

आम्ही ऑकलंडकर असल्यामुळे या गावाची एक गोष्ट मनाला अधिक लागली. ३० ऑक्टोबर १९१८ रोजी ‘तालुने’ हे जहाज ऑकलंडहून निघाले आणि ७ नोव्हेंबरला अपियाला पोहोचले. जहाजावर इन्फ्लुएंझाचे रुग्ण होते, तरीही तेव्हा तिथला कारभार पाहणाऱ्या न्यूझीलंडच्या प्रशासनाने प्रवासी उतरू दिले. ज्या साथीला आपल्याकडे मानमोडी म्हणत असत ती हीच. पश्चिम सामोआतली, म्हणजे आजच्या स्वतंत्र सामोआतली, एक पंचमांशाहून अधिक माणसे काही आठवड्यांत मेली. पांगो पांगोत मात्र राज्यपाल जॉन पॉयर यांनी बिनतारी संदेशांतून साथीची बातमी ऐकली होती. त्यांनी बंदर बंद केले, येणाऱ्या जहाजांना विलगीकरणात ठेवले आणि पश्चिमेकडून होड्या चोरून येऊ नयेत म्हणून गावोगावच्या लोकांनी किनाऱ्यावर पहारे दिले. अमेरिकन सामोआत त्या साथीने एकही माणूस दगावला नाही. पॉयर यांनी अपियाला मदत देऊ केली होती, पण तिथल्या प्रशासनाने ती घेतली नाही. २००२ मध्ये न्यूझीलंडच्या पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी सामोआची माफी मागितली, त्यात या प्रकरणाचाही समावेश होता. राज्यपालांच्या हुकुमाचे श्रेय मोठे आहेच, परंतु रात्रीच्या रात्री किनाऱ्यावर उभे राहिलेल्या गावकऱ्यांचे श्रेय मला त्याहून कमी वाटत नाही. २०२० च्या मार्चमध्येही या प्रदेशाने दारे लावून घेतली, आणि कोविडचा गावात प्रसार होण्यास २०२२ चा फेब्रुवारी उजाडला.

शनिवार

आज अलावा डोंगर चढलो. फांगासाच्या खिंडीतून वाट सुरू होते आणि एका बाजूचे अंतर सुमारे साडेपाच किलोमीटर आहे. चढ बेताचा आहे, पण पावसाने माती लोण्यासारखी झाली होती. हा सगळा भाग राष्ट्रीय उद्यानात येतो. विषुववृत्ताच्या दक्षिणेला असलेले अमेरिकेचे हे एकमेव राष्ट्रीय उद्यान १९८८ मध्ये मंजूर झाले, पण त्यासाठी जमीन विकत घेता आली नाही, कारण ती विकण्याचा अधिकार कोणा एकाला नव्हता. अखेर १९९३ मध्ये गावांनी पन्नास वर्षांच्या भाडेपट्ट्याने जमीन दिली आणि पूर्वापार चालत आलेली शेती चालू ठेवण्याचा हक्क राखून ठेवला. म्हणूनच उद्यानाच्या पाटीपासून थोड्याच अंतरावर अळूची आणि केळीची लागवड दिसते.

झाडीवरून भर उजेडात मोठी वटवाघळे तरंगत होती. त्यांच्या पंखांचा विस्तार जवळपास तीन फुटांचा असतो, ती फळे आणि मध खातात आणि तिन्हीसांजेची वाट न पाहता दुपारीही फिरतात. वटवाघळांच्या तीन जाती सोडल्या तर या बेटांवर मूळचा सस्तन प्राणीच नाही.

शिखर ४९१ मीटर उंचीवर आहे. तिथे उतुलेईहून बंदरावरून येणाऱ्या जुन्या रज्जुमार्गाचे गंजलेले अवशेष पडले आहेत. दीड किलोमीटरहून लांब, मध्ये एकही खांब नसलेला हा मार्ग १९६५ मध्ये दूरचित्रवाणीच्या मनोऱ्यापर्यंत माणसे नेण्यासाठी बांधला होता. त्या काळात राज्यपाल रेक्स ली यांनी बेटावरच्या शाळांना दूरचित्रवाणीवरून शिकवण्याचा प्रयोग सुरू केला होता. १७ एप्रिल १९८० रोजी सणाच्या कवायतीत नौदलाचे एक विमान या तारांना धडकले आणि किनाऱ्यावरच्या हॉटेलवर कोसळले. विमानातले सहा जण आणि हॉटेलमधले दोन पर्यटक मृत्युमुखी पडले.

शिखरावरून संपूर्ण बंदर एका दृष्टिक्षेपात दिसले. बाहेरच्या समुद्रावर लाटा उसळत होत्या आणि आतले पाणी हलतही नव्हते. मीड यांना या जागेचा मोह का पडला असेल, हे इथे उभे राहिल्यावर कळते.

रविवार

रविवारी दुकाने बंद, बसेस जवळजवळ बंद आणि रस्त्यावर पांढऱ्या कपड्यांतली माणसे. पुरुषांनी खिसे असलेले गुडघ्याखालपर्यंतचे वस्त्र नेसलेले, वर शर्ट आणि टाय. स्त्रियांच्या डोक्यावर विणलेल्या टोप्या. लंडनच्या मिशनरी संस्थेचे जॉन विल्यम्स १८३० मध्ये सामोआत आले, तेव्हापासून चर्च इथल्या गावगाड्यात पूर्ण मिसळून गेले आहे. आम्हाला प्रार्थनेतले शब्द समजत नव्हते, पण वाद्यांशिवाय चार आवाजांत उचललेले गाणे ऐकताना माझ्या अंगावर काटा आला.

घरमालकीणबाईंनी जेवायला थांबण्याचा आग्रह केला होता. त्या निवृत्त शिक्षिका आहेत आणि त्यांचे थोरले भाऊ कुटुंबाचे मताई, म्हणजे घराण्याच्या पदवीचे धारक आहेत. रविवारचा स्वयंपाक पहाटेपासून पुरुषच करतात. घरामागच्या छपरीत लाकडांवर दगड तापवले होते. ते लाल झाल्यावर निखारे बाजूला ओढून दगड सपाट पसरले, त्यांवर सोललेले अळूचे कंद, कच्ची केळी, विलायती फणसाच्या फोडी आणि मासे ठेवले आणि सगळे केळीच्या व फणसाच्या पानांच्या थरांखाली झाकून टाकले. या भट्टीला उमू म्हणतात.

मला सर्वांत अधिक पाहायचे होते ते पालुसामी. एका पुतण्याने अळूची कोवळी पाने चार-पाच एकावर एक ठेवून तळहातावर त्यांचा द्रोण केला. नारळ ज्यावर खवला होता ते लाकडी बैठे खवणीच्या जातीचेच होते. चव सुक्या सालींच्या धाग्यांत घालून पिळला आणि पाणी न घालता दाट रस काढला. त्या रसात कांदा आणि मीठ घालून तो द्रोणात ओतला, कडा आवळून पुरचुंडी केली आणि ती विलायती फणसाच्या पानात बांधून दगडांच्या कडेला ठेवली. अळूची खाज मोडायला आपण चिंच घालतो; इथे आंबट काहीच नव्हते, फक्त तासाभराची वाफ. पुरचुंडी उघडली तेव्हा पाने आणि नारळाचा रस यांचे घट्ट, हिरवट सायीसारखे मिश्रण झाले होते आणि ते भाजलेल्या कंदाबरोबर खायचे होते. घशाला खाज अजिबात आली नाही. वडिलधाऱ्यांची आणि पाहुण्यांची पंगत आधी बसली, तरुण मुले पाठीमागे उभी राहून वाढत होती आणि माशा वारत होती.

संध्याकाळी सहाच्या सुमारास झाडाला टांगलेल्या रिकाम्या गॅसच्या सिलिंडरवर लोखंडी कांबीने ठोके पडले. पहिल्या ठोक्याला घरी परतायचे, दुसऱ्याला प्रार्थना सुरू करायची आणि तिसऱ्याला ती संपते. रस्त्यात गावचे तरुण उभे राहतात आणि चालणाऱ्याला थांबवतात. आम्ही एका घराच्या ओट्यावर बसलो आणि तिसरा ठोका पडेपर्यंत तिथेच थांबलो.

सोमवार

बंदराच्या उत्तर काठावर आतुऊ येथे टूना माशांचा कारखाना आहे आणि वाऱ्याची दिशा फिरली की त्याचा वास समोरच्या काठापर्यंत येतो. पहिला कारखाना १९५४ मध्ये आला, स्टारकिस्ट १९६३ मध्ये. स्टारकिस्ट आज दक्षिण कोरियाच्या डाँगवॉन समूहाची आहे आणि या प्रदेशातली ती सर्वांत मोठी खासगी नोकरी देणारी कंपनी आहे. इथे डबाबंद झालेला मासा मुख्य अमेरिकेत जकातीशिवाय जातो आणि परदेशी नौकांनाही आपली पकड थेट या धक्क्यावर उतरवता येते. या दोन सवलतींवर कारखाना उभा आहे. पाळी सुटली तेव्हा पांढरे बूट आणि जाळीच्या टोप्या घातलेल्या शेकडो बायका फाटकातून बाहेर पडल्या. त्यांतल्या पुष्कळ जणी स्वतंत्र सामोआतून कामासाठी आलेल्या असतात. दुसरा मोठा कारखाना सप्टेंबर २००९ च्या अखेरीस बंद झाला. २०२० च्या जनगणनेत ४९,७१० लोकसंख्या भरलेल्या प्रदेशाला असा धक्का सोसणे फार जड जाते.

तो कारखाना बंद होण्याच्या आदल्याच दिवशी, म्हणजे २९ सप्टेंबरला, सकाळी पावणेसातच्या सुमारास दक्षिणेच्या समुद्रात ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला. वादळात जहाजांना आसरा देणारा बंदराचा निमुळता आकार त्या दिवशी उलटला. लाट आत येत गेली तशी चेपून उंच होत गेली आणि टोकाच्या पांगो पांगो गावात सर्वांत जोराने शिरली. राष्ट्रीय उद्यानाचे कार्यालयही तिने उद्ध्वस्त केले. अमेरिकन सामोआत ३४ माणसे गेली. भूकंप आणि लाट यांच्यात काही मिनिटेच मिळाली होती, तरी जमीन फार वेळ हलली तर डोंगराकडे पळायचे हे ज्यांना ठाऊक होते ते वाचले. आता किनाऱ्यावर पळण्याची दिशा दाखवणाऱ्या निळ्या पाट्या जागोजागी आहेत.

पुढे आउआ गावासमोर प्रवाळाचा एक पट्टा आहे. १९१७ मध्ये आल्फ्रेड मेयर यांनी त्यावर एक रेघ आखून प्रवाळांची मोजणी केली आणि नंतरच्या शास्त्रज्ञांनी त्याच रेघेवर पुन्हा पुन्हा मोजणी केली, त्यामुळे इतक्या दीर्घ काळाची नोंद असलेले प्रवाळ जगात फार थोडे आहेत. कारखान्यांचे सांडपाणी आतल्या बंदरात सोडले जात होते तेव्हा हा प्रवाळ फार खंगला. १९९० च्या दशकात नळ बाहेरच्या बंदरापर्यंत नेल्यावर काही भाग सावरला. ओहोटीला गुडघाभर पाण्यात उभे राहून आम्ही जांभळ्या टोकांच्या फांद्या पाहिल्या. एका गावासमोरच्या पाण्याची शंभर वर्षांची वही कुणीतरी चिकाटीने ठेवली, याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटली.

दुपारी फांगातोंगोतल्या विधिमंडळाच्या, म्हणजे फोनोच्या इमारतीत गेलो. वरिष्ठ सभागृहातले अठरा सदस्य मताईच असावे लागतात आणि त्यांची निवड रूढीप्रमाणे होते. कनिष्ठ सभागृह मात्र सार्वत्रिक मतदानाने निवडले जाते. राज्यपाल १९७७ पासून लोक निवडतात. वॉशिंग्टनला एक प्रतिनिधी जातो, पण अंतिम मतदानात त्याला मत नसते.

रात्री घरमालकीणबाईंनी आपला पासपोर्ट दाखवला. त्यावर अमेरिकेचे नाव आहे आणि आत स्पष्ट लिहिले आहे की धारक अमेरिकेची राष्ट्रीय आहे, नागरिक नाही. अमेरिकेच्या ताब्यातील वस्ती असलेल्या प्रदेशांपैकी जन्माने नागरिकत्व न मिळणारा हा एकमेव प्रदेश आहे, आणि तरीही सैन्यात भरती होणाऱ्या इथल्या तरुणांचे प्रमाण फार मोठे आहे. बाईंचे दोन पुतणे सैन्यात होते. हा अन्याय आहे असे मला वाटत होते आणि मी तसे बोलूनही दाखवले. बाई शांतपणे म्हणाल्या, “मत मिळाले तर मला आवडेल. पण इथली नव्वद टक्क्यांहून अधिक जमीन कुटुंबांची आहे, आणि सामोअन नसलेल्याला ती घेता येत नाही. सगळ्यांना एकच कायदा, असे उद्या न्यायालयाने म्हटले तर हा नियम टिकेल का, ते आधी मला सांगा.”

याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. युटामध्ये राहणाऱ्या काही सामोअन लोकांनी नागरिकत्वासाठी दावा लावला होता, त्याला इथल्या शासनानेच विरोध केला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो ऐकण्यास नकार दिला. बाईंचा कॅलिफोर्नियातला भाचा त्या दावेदारांच्या बाजूचा आहे. तो सुटीत आला की उमूच्या भोवती मामा-भाच्याचा वाद रंगतो, आणि बाई म्हणतात की अजून कोणी कोणाला पटवू शकलेले नाही.